उंटापुढचं प्यादं

बदनापूर, ५ ऑक्टोबर २०२५

भूषणदादा, जयभीम.

पत्रास कारण की, असं सुरवातीला लिवतात म्हणे. कारण लिवायला घेतलं तर हात आखडून राह्यला, म्हणून ते खाली सांगते. आधी तू हसू नको. नववीनंतर मी काही लिवलं असंल तर ख्वाजामियाँच्या दुकानात कापडावर मापं, तेबी खडूनं.

फोन काहून केला न्हाई म्हणशील. तुला म्हाइती हाय, फोनवर माझा घसा बंद होतो. मेसेज टाकला की दोन निळ्या रेघा येतात, जवाब येत न्हाई, आन मी त्या रेघांकडं बघत बसते. पत्राला रेघा नसतात. तू वाचलं का कचऱ्यात टाकलं, मला कळणार न्हाई. बरं हाय ते.

परवा दसऱ्याला विहारात सगळे पांढरे कपडे घालून आल्ते. मोठ्याई वंदना चालू असताना बी दाराकडंच बघून राह्यली. कुणीतरी इचारलं, "साळूबाई, पोरगा आला न्हाई का औंदा बी?" तर म्हणली, "साहेब झाला तो कंपनीत. सुट्टी भेटत न्हाई." तुझ्या रूमवरचा राजानंद गावाकडं आल्ता, तुझा चाकणचा पत्ता त्याच्याकडूनच घेतला. तो म्हणला तू पॅकिंगला हाय. मी मोठ्याईला सांगितलं न्हाई.

आता कारण.

तू गेलास त्या दिवशी आपला बुद्धिबळाचा डाव अर्धाच राह्यला. तू पुण्याच्या स्पर्धेतून हरून आल्तास आन भागवतकाका दारातच म्हणले, "लाकडाच्या घोड्यावर बसून कुठवर जाशील रे?" बापाला तू उलटून बोलला न्हाई. ओट्यावर माझ्यासमोर येऊन बसलास आन म्हणलास, मांड. मी पांढरे घेतले. तूच शिकवलेलं खेळले. राजापुढचं प्यादं दोन घरं, तूबी दोन घरं, मंग राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं. फुकट. घे म्हणून. गँबिट. तू ते मारलंस, पण पाटाच्या बाजूला ठेवलं न्हाई, खिशात घातलंस. म्हणलास, "प्रीते, हे बदनापुरापुरतंच हाय. वर ह्याला कुणी इचारत न्हाई. फसवाफसवी हाय सगळी, सोडून दे." आन उठून जीपमधी बसलास. प्यादं खिशातच.

त्याच्यानंतर तू पाटाला हात लावला न्हाई म्हणे. राजानंद सांगून राह्यला, रूमवरची पोरं मोबाइलवर खेळायला बसली की तू उठून बाहेर जातोस.

मला तू पुन्हा पाटावर बसलेला पाहिजे. बाकी काही नको. आन एक इचारायचंय. गँबिट खरं हाय का खोटं? तू खोटं म्हणलास, पण शिकवताना तर तुझे डोळे चमकायचे. डिसेंबरात जालन्याला जिल्ह्याची स्पर्धा हाय. तोवर मी ते समद्यांसंगं खेळून बघते, लहानसहान, मोठे, जे भेटंल त्याच्यासंगं, आन तुला कळवते. खोटं निघालं तर मीबी सोडते.

आपला डाव चालूच समज. मी घोडा काढला, एफ तीनवर. आता तुझी चाल.

तुझी,
प्रीती

ता. क. तू नेलेल्या प्याद्याच्या जागी मी कोटाचं बटन ठेवते. तपकिरी हाय.

बदनापूर, २ नोव्हेंबर

दादा, जयभीम.

दिवाळीत मान वर करायला फुरसत न्हवती. काज-बटन करून बोटाची साल निघाली. ख्वाजामियाँ मशिनीवर आन मी खाली बसून तुरपाई. गिऱ्हाईक आलं की मी कापडाच्या ढिगामागं सरकते. अकबरबी, म्हंजे त्यांची बायको, म्हणती, "ये छोरी कपड्यांमधी मिसळून जाती, एखाद दिवस इस्त्री फिरंल हिच्यावर."

पण खेळले मी. ऐक.

सगळ्यात खालून सुरू केलं. शेजारचा कल्याण, तो आता पयलीत गेला. त्याला बटन फुकट देऊन राह्यले तर त्यानं बघितलंच न्हाई! त्याला घोडा टापटाप फिरवायचा असतो. मीच म्हणलं, "अरे खा ना ते." तर म्हणतो, "बटन कोण खातं का, ताई?" त्याच्यासंगं गँबिटचा काडीचा उपेग न्हाई दादा. जिकते मी, पण ते कशानंबी जिकले असते. फुकटचं घ्यायलाबी जरा समज लागती.

मंग टेसनावरची मंडळी. गाडीची वाट बघत बाकड्यावर पाट मांडतात ना, तेच. मी आधी नुसती उभी राहून बघायचे. एक दिवस जीपवाला वसंता म्हणला, "ए पोरी, उभ्यानं थकशील, बस." बसले. दुसरी चाल खेळले तर त्यानं बटन उचलून सगळ्यांना दाखवलं. "बघा रे, गुंडी खायला घातली! शिंप्याकडची हाय वाटतं." सगळे फिदीफिदी. मंग त्यानं अजून एक प्यादं खाल्लं, घोडा खाल्ला, आन तेवढ्यात त्याचा राजा मेला. माझे उंट, हत्ती, वजीर समदे बटन गेल्यानं उघडलेल्या कवाडातून आत घुसले. गाडी यायचीच होती अजून.

वसंता म्हणला, "पोरगी मुकी हाय, पण चावती."

आता ते मला बघितलं की "चावरी आली" म्हणतात. मला राग येत न्हाई. बरं वाटतं, खरं सांगू का.

आईच्या मोबाइलवर बी खेळते, अनोळखी लोकांसंगं. तिथं प्रत्येकाच्या नावापुढं रेटिंगचा आकडा असतो. हजाराच्या खालचे सगळे वसंताच हायत. पण बारा-चौदाशेवाले भेटले तर अजून गंमत. मला वाटलं हे हुशार, हे वाचतील. उलटं झालं. त्यांना थोडं येतं ना, म्हणून आलेलं प्यादं सांभाळायला जीव टाकतात. त्याच्याभोवती कुंपण घालतात, पोरासारखं कुशीत घेतात, आन इकडं राजा उघडा. तिथं गँबिट सगळ्यात जास्त चालून राह्यलं. मी विचार केला, तू हेच खेळत जालन्याचे कितीतरी लोक उडवलेस, आन मी ओट्यावर बसून नुसतं ऐकलं, तेव्हा मला कळलं बी न्हाई तू काय करून राह्यला होता.

अजून एक. शाळा सुटली तेव्हा घरात सगळे मला समजावून राह्यले होते. वर्गात उभं राहून वाचायचं असतं की माझे पाय कापायचे, हे कुणाला सांगता येत न्हवतं. तू समजावलं न्हाई. पाट आणलास आन म्हणलास, "हितं बोलावं लागत न्हाई."

तुझी चाल आली न्हाई. घाई न्हाई.

प्रीती

बदनापूर, २३ नोव्हेंबर

दादा,

ख्वाजामियाँसंगं गँबिट खेळले. दुपारी नमाज झाली की ते घडीभर पाट काढतात, कापडाचा, स्वतः शिवलेला. त्यांचा खेळ जुना हाय, तुला म्हाइतीच हाय. प्यादं एकेकच घर चालतं. आन राजाला शह बसायच्या आधी एकदा, फकस्त एकदाच, घोड्याची चाल मारता येती. अडीच घर उडी, आन राजा कोपऱ्यात सुखरूप. मला ते लई आवडतं. राजाला बी एकदा पळायला पाहिजे ना.

मी बटन पुढं केलं. त्यांनी चष्मा वर केला.

"ये क्या है, बेटा?"

"गँबिट," मी म्हणलं.

"ये गँबिट-बिंबिट न्हाई. ये सदका है." सदका म्हंजे बला टळावी म्हणून आधीच काढून दिलेलं दान, असं त्यांनीच सांगितलं. "लेकिन मुफ्त का माल दिखा तो हाथ नई लगाना. पहले देखना, देनेवाला हँसता काहे को है."

आन बटन घेतलंच न्हाई. मला मेहनत करून हरवलं. आता रोज एक डाव असतो, रोज हरते. त्यांच्यासारखं शांत बसायला मला कधी येईल काय म्हाइत. मशिनीचा टाका बी तसाच घालतात, ना घाई, ना उसवाउसवी.

आता घरची गोष्ट. सांगू का नको, ठरत न्हवतं.

मी ओट्यावर एकटीच मांडून बसले होते. भागवतकाका आले. मला वाटलं पाट उधळतात. तर बाजूला टेकले आन म्हणले, "हे घोडं असं आडवंतिडवं काहून चालतं? सरळ चालायला काय रोग आला त्याला?"

मी म्हणलं, "त्याची चालच तशी हाय काका."

"भूषणवानीच हाय म्हण की."

मंग त्यांना बटन दिसलं. "हे काय हितं?"

"तिथलं प्यादं दादानं नेलं. जाताना. खिशात."

काकांनी तंबाखू मळली, ती तशीच हातात राह्यली. मंग म्हणले, "नेलं म्हंजे टाकलं तर न्हाई ना."

त्याच्यानंतर ते रोज इचारतात, पोस्टमन आल्ता का. लाइटबिलाची वाट बघून राह्यलो म्हणतात. लाइटबिल काही पोस्टमन आणत न्हाई, हे त्यांनाबी म्हाइती हाय.

प्रीती

बदनापूर, १४ डिसेंबर

दादा, जयभीम.

पुढच्या रविवारी स्पर्धा. नाव दिलंय. माझ्याच्यानं झालं न्हाई, काकांनी दिलं. फोनवर त्या माणसाला ओरडून सांगितलं, "पोरगी बोलत न्हाई पण खेळती, तुम्हाला बोलणारी पाहिजे का खेळणारी?"

सहा तारखेला, महापरिनिर्वाण दिनाला बी तू आला न्हाई. मोठ्याईनं तुझ्या नावाची मेणबत्ती लावली आन मंग एकदम जीभ चावली. म्हणली, "अगं जित्या माणसाची लावते का कुणी." हसली. मीबी हसले. आता लिवताना तेवढं हसू येत न्हाई.

तू आला असता तर मी तुला इचारलं असतं, जालन्यात गँबिट खेळू का नको. तू न्हाई तर मी खेळणार हाय. तूच शिकवलं ते.

माझा घोडा एफ तीनवर उभाच हाय.

प्रीती

बदनापूर, २२ डिसेंबर

दादा, दादा,

हे पत्र मोठं होणार. चहा घेऊन बस.

सकाळच्या गाडीनं मी आन काका जालन्याला गेलो. मंगल कार्यालयाचा हॉल, टेबलंच टेबलं, घड्याळं टिकटिक. काका बाहेर शेंगा घेऊन बसले आन दर थोड्या वेळानं दारातून डोकावायचे. पंच ओरडला, "पालकांनी आत यायचं न्हाई!" तर काका, "मी कुठं पालक हाय? मी चुलता हाय."

पयला डाव एका कॉलेजच्या पोरीसंगं. प्यादं घेतलं, धरून बसली, हरली. दुसरा एका सरांसंगं, चांगले जाडजूड. त्यांनीबी घेतलं, मंग एकेक चाल करताना सुस्कारे टाकत राह्यले. हरले. मी आकाशात.

मंग सूरज नावाचा मुलगा समोर आला. जालन्याचाच हाय, कॉलेजात शिकतो. सगळे त्याला ओळखत होते, दोन हजाराच्या जवळ हाय म्हणे. मी गँबिट दिलं. त्यानं प्यादं घेतलं. मी घोडा काढला, एफ तीन. आपल्या डावातला तोच घोडा. मला वाटलं आता हाबी कुंपण घालणार.

न्हाई. त्यानं त्याच्या वजीरापुढचं प्यादं दोन घरं सारलं, माझ्या प्याद्याच्या तोंडासमोर. घे, तुझं तुला परत, असं.

मी बघतच राह्यले. इतक्या डावांत मला कुणी परत दिलं न्हवतं! मी ते खाल्लं, आन खाल्ल्याबरोबर त्याचे उंट-घोडे मोकळे. आता राजा उघडा होता तो माझा. जे कवाड मी त्याच्यासाठी उघडलं, त्यातून वारा माझ्याच घरात येऊन राह्यला.

घाबरले. आन घाबरून मी काय केलं माहितीये? मी राजा उचलला आन अडीच घर उडी मारून कोपऱ्यात ठेवला. घोड्यासारखा.

सूरज माझ्याकडं बघून राह्यला. त्यानं हात वर केला. पंच आला. "हे काय केलं?"

शेजारच्या टेबलावरची पोरं बघून राह्यली. मला वाटलं उठून पळावं, जीप पकडावी, तुझ्यासारखी. खरंच वाटलं. मंग मला ऐकू आलं कुणीतरी बोलून राह्यलं, आन ती मीच होते. मी म्हणलं, "आमच्या दुकानात चालतं."

अख्खा हॉल हसला दादा. पण सूरज हसला न्हाई. तो पंचाला म्हणला, "सर, जुन्या पद्धतीत असते ही चाल. माझे आजोबा खेळायचे तशी." पंचानं मान हलवली, तरी नियम नियमच. त्याला दोन मिनिटं वाढवून दिली आन मला सांगितलं, राजाला हात लावला, आता राजाच हलवा, एकच घर. हलवला. तिथून डाव गेला. पण मी शेवटपर्यंत बसले. त्यानं इतकं सुंदर मारलं की मला वाईट वाटायचं राहूनच गेलं. एक मोहरा उगं हलला न्हाई.

डाव संपल्यावर त्यानं इचारलं, "तुला हे कोणी शिकवलं?"

"माझ्या दादानं. बुद्धभूषण." मी तुझं नाव मोठ्यानं घेतलं.

"छान शिकवलंय. चौदा-पंधराशेपर्यंत लोक प्यादं धरून बसतात आणि मरतात. मीपण मेलोय. मग एकदा कळतं, की घेतलेलं योग्य वेळी परत द्यायचं असतं. त्यासाठी जास्त ताकद लागते."

तर दादा, तुझ्या गँबिटचा जवाब असा. खोटं न्हाई ते. एकदम खाली ते असून नसल्यासारखं. मधी राज करतं. आन वर गेलं की समोरचा त्याला मान देतो आन मंग मोडतो. तू मला सांगितलं न्हाई, पण मला आता कळलं पुण्याला तुझ्यासंगं काय झालं. तिथं कुणीतरी तुझं प्यादं तुला परत दिलं. तू समजलास आपण फसवे निघालो. अरे येड्या, तू तिथवर गेल्तास जिथं लोक परत देतात! बदनापुरात बसून, शिकवायला कुणी नसताना. मला तर दोन डाव जिकून आकाश ठेंगणं झालं. तू किती वर होतास रे.

परतीच्या गाडीत काका म्हणले, "हरली का?"

"हो."

"मंग दात काढून काहून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. तुझं, पुण्याचं, परत देण्याचं. बदनापूर येईपर्यंत थांबलेच न्हाई. काका म्हणले, "एवढं बोलती तू?" मंग थोड्या वेळानं, खिडकीबाहेर बघत, "म्हंजे भूषण चांगला खेळत होता म्हण."

"लई चांगला, काका."

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणले. शेंगांची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली, आख्खीच्या आख्खी. त्यातली एकबी त्यांनी खाल्ली न्हवती.

मी खेळणं सोडत न्हाई. तुझं काय?

प्रीती

बदनापूर, ११ जानेवारी २०२६

भूषणदादा, जयभीम.

काल पोस्टमन आला. काका आधीच ओट्यावर होते, लाइटबिलासाठी. त्यांनीच सही केली आन दातानं पाकीट फोडलं. आतून कंपनीतल्या पांढऱ्या हातमोज्याचं एक बोट निघालं. नुसतं बोट, कापलेलं, वरून दोऱ्यानं बांधलेलं.

"बोट काय पाठवतो हा येडा?" काका ओरडले. मोठ्याई घाबरून पळत आली, हातात कणिक. मी दोरा सोडला. उंटापुढचं प्यादं निघालं. त्याचं डोकं गुळगुळीत झालंय. किती वेळा हात फिरवला त्याच्यावर?

हातमोज्यावर बॉलपेनानं लिवलं होतं: डी पाच.

मी तिथंच खाली बसले.

"काय लिवलं? चिठ्ठी कुठं हाय?" काका पाकीट उलटं करून झटकून राह्यले.

"हीच चिठ्ठी हाय काका. त्याची चाल हाय. परत देऊन राह्यला तो."

काकांनी प्यादं हातात घेतलं, वरखाली बघितलं, जसं काही त्याच्यावर अजून काही लिवलेलं असंल. मंग पाट त्यांनीच आणला. कुठलं कुठं ठेवायचं ते मला इचारत इचारत आपला डाव मांडला, तू प्यादं मारलंस तिथून पुढं. तुझं काळं प्यादं डी पाचवर त्यांनी स्वतःच्या हातानं सारलं. दोन घरं बराबर मोजून. तुझं-माझं पांढरं प्यादं पाटाच्या बाजूला उभं केलं, जिथं ते त्या दिवशीच ठेवायचं होतं. बटन मी ख्वाजामियाँना परत नेऊन दिलं. ते म्हणले, "सदका कबूल हुआ."

आता पाट ओट्यावर आतल्या बाजूला हाय, टोपल्याखाली. कल्याणला काकांनी दम दिलाय, "टोपल्याला हात लावला तर तंगडं तोडीन." मोठ्याई इचारती, पोरगा येतोय का, तर काका म्हणतात, "त्याची चाल झाली, आता हिची हाय, मंग परत त्याची. मधी बोलू नको, खेळ चालू हाय."

काय खेळायचं ते मला म्हाइती हाय. सूरजकडून हरले तेव्हाच डोक्यात बसलं, आन ह्यावेळेस राजा उडी मारणार न्हाई.

पण ती चाल मी पत्रात लिवणार न्हाई. हितं येऊन बघ. काळ्यांच्या बाजूला काकांनी पोतं अंथरलंय. तिथं ते स्वतःबी बसत न्हाईत.

प्रीती